एका तारेतली वाटणी

अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोमच्या छपरावर दोनपैकी एक वस्तू बहुधा दिसते. एक तर पांढरा प्लास्टिकचा घुमट, नाहीतर आडवी निजवलेली पत्र्याची थाळी. गाडी मुक्कामाला लागली की घुमटाच्या आत काहीतरी गुरगुरत फिरू लागतं, किंवा थाळी हळूहळू मान वर काढून आकाश धुंडाळू लागते. शेजारच्या गाड्यांतली माणसं कौतुकानं वर बघतात. बघण्यासारखं ते आहेच, पण या रचनेतला खरा रस थाळीच्या मानेतून निघून गाडीच्या पोटात उतरणाऱ्या, करंगळीहून बारीक अशा एका काळ्या तारेत आहे. पुढच्या बैठकीत फुटबॉल, मागच्या निजायच्या खोलीत जुना सिनेमा आणि बाहेर कनातीखाली बसलेल्यांसाठी हवामानाच्या बातम्या, हे तिन्ही एकाच वेळी, तिन्ही हाय डेफिनिशनमध्ये आणि एकाच थाळीतून. उपग्रहाची लहर पकडणं ही यातली सोपी बाजू. पकडलेली लहर तिघांत अशी वाटायची की कुणाचं कुणाशी भांडण होऊ नये, ही अवघड बाजू.

सुरुवात आकाशापासून करू. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या बरोबरीनं फिरत असल्यामुळे आपल्या दृष्टीनं एका जागी खिळलेले राहतात. या स्थिरपणाच्या जोरावर गच्चीवर छत्री बसवणारा माणूस एकदा दिशा साधतो, नटबोल्ट आवळतो आणि निघून जातो. मोटरहोमच्या नशिबी ही निश्चिंती नाही. डायरेक्टीव्ही या कंपनीचं मूळ ठाणं १०१ अंश पश्चिम रेखांशावर. फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्टमध्ये ते क्षितिजापासून सुमारे ५४ अंश उंच असतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइटच्या वाळवंटात, जिथे हिवाळ्यात मोटरहोमवाल्यांचे तळ पडतात, तिथे ४८ अंश. सिॲटलला ३१ आणि अलास्कातल्या अँकरेजला जेमतेम १०. दहा अंशांवरच्या उपग्रहाला लपवायला एक झाड किंवा शेजारी उभी असलेली दुसरी मोटरहोमसुद्धा पुरते. त्यात एकाच थाळीनं दोन-तीन उपग्रह एकदम पाहायचे असतील तर दिशा आणि उंची यांच्या जोडीला थाळीचा कलही साधावा लागतो. उपग्रह आकाशात ज्या कमानीवर बसलेले आहेत, ती कमान प्रत्येक गावातून वेगळी कललेली असते.

या अडचणीत अमेरिकन यंत्रणेला एक सोय आधीपासून मिळालेली होती. डायरेक्टीव्हीची सेवा १९९४ मध्ये सुरू झाली आणि डिश नेटवर्कची १९९६ मध्ये. दोघांनीही १२.२ ते १२.७ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोल पीळ असलेल्या लहरी वापरल्या. अर्ध्या वाहिन्या उजव्या पिळाच्या लहरींवर आणि अर्ध्या डाव्या पिळाच्या. त्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात दुप्पट माल बसतो. युरोपात ॲस्ट्रा उपग्रहांच्या लहरी उभ्या आणि आडव्या असतात. तिथे इंग्लंडहून स्पेनकडे निघालेल्या माणसाला दिशा आणि उंचीबरोबर थाळीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबीही थोडा फिरवून घ्यावा लागतो, कारण उभं-आडवं हे जागेनुसार तिरकं होत जातं. पीळ मात्र कुठूनही पाहिला तरी उजव्याचा उजवाच राहतो. एकाच उपग्रहाकडे पाहायचं असेल तर एलएनबी कसाही वळलेला असला तरी फरक पडत नाही. १९९४ साली ही निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोटरहोम होती असं नाही, पण फिरत्या घराला याहून सोयीची निवड मिळणं कठीण होतं.

आता एलएनबीकडे वळू, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. १२ गिगाहर्ट्‌झची लहर साध्या तारेत काही मीटरांतच दुबळी होते. म्हणून एलएनबी तिच्यातून ११.२५ गिगाहर्ट्‌झ वजा करतो आणि उरलेली ९५० ते १,४५० मेगाहर्ट्‌झची लहर खाली पाठवतो. पेच असा की उजवा आणि डावा असे दोन्ही पीळ मुळात एकाच पट्ट्यातले, त्यामुळे वजाबाकीनंतरही दोघे एकाच जागेवर येऊन बसतात. तारेतून दोन्ही एकदम आणता येत नाहीत. कुठला हवा ते टीव्हीजवळच्या रिसीव्हरनं सांगायचं असतं आणि ते सांगण्याची पद्धत मोठी देखणी आहे. एलएनबीला वीज रिसीव्हरच पुरवतो, त्याच तारेतून. ती १३ व्होल्टनं दिली तर उजवा पीळ हवा आणि १८ व्होल्टनं दिली तर डावा. वेगळी तार नाही, वेगळं बटण नाही. अन्न म्हणून जे वर जातं, तोच निरोपही असतो. दुसऱ्या उपग्रहाकडे पाहायचं असेल तर त्या विजेवर २२ किलोहर्ट्‌झची एक बारीक थरथर चढवायची. आपल्या गच्चीवरच्या छत्रीतही हेच १३ आणि १८ व्होल्ट काम करतात. आपण चॅनेल बदलतो तेव्हा वर पाच व्होल्टांचा हा संवाद होऊन गेल्याचं आपल्याला कळतही नाही.

एका टीव्हीपुरती ही भाषा निर्दोष आहे. घरात दुसरा टीव्ही आला की तिच्यातली उणीव उघडी पडते. हौशी माणूस बाजारातून स्प्लिटर आणतो, तार दोघांत वाटतो आणि दोन्ही टीव्ही लागलेले पाहून खूश होतो. मग मागच्या खोलीत कुणीतरी चॅनेल बदलतं आणि पुढच्या टीव्हीवरचा खेळ काळा पडतो. पुढच्याला १३ व्होल्टचा पीळ हवा असतो, मागच्यानं १८ मागितलेले असतात. एकाच बैलाचे दोन कासरे दोघांनी दोन दिशांना ओढावेत तशी एलएनबीची अवस्था होते. सहसा जास्त व्होल्टवाल्याचं चालतं आणि दुसऱ्याच्या निम्म्या वाहिन्या नाहीशा होतात. बिघाड वाहिनीगणिक बदलत राहतो, त्यामुळे शोधणाऱ्याला वेड लागायची पाळी येते. केबल ठीक, थाळी ठीक, रिसीव्हर ठीक आणि तरीही चित्र जातं. दोष कुठल्याच वस्तूत नसतो, मागण्यांच्या टकरीत असतो.

यावरचा जुना तोडगा म्हणजे मल्टिस्विच. तो दोन्ही पीळ कायम हाताशी ठेवतो आणि प्रत्येक रिसीव्हरला हवा तो देतो. पण त्यासाठी प्रत्येक ट्यूनरला स्वतंत्र तार लागते. एक कार्यक्रम पाहता पाहता दुसरा साठवणाऱ्या रिसीव्हरमध्ये ट्यूनर दोन, म्हणजे तारा दोन. तीन टीव्हींना असे रिसीव्हर दिले तर सहा. बांधलेल्या घरात हे खपून जातं. मोटरहोमच्या भिंती फोम आणि फायबरग्लासचे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या असतात. कारखान्यातून गाडी बाहेर पडल्यावर त्यांतून नवी तार ओढणं म्हणजे शिक्षाच, आणि छपराला पाडलेलं प्रत्येक भोक ही पावसाळी गळतीची नांदी. कारखान्यानं आधी टाकून ठेवलेल्या तारा असतात साध्या अँटेनासाठी आणि मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या केबल टीव्हीसाठी. त्यांच्या मार्गात बसवलेल्या स्प्लिटरवर ‘५ ते १,००० मेगाहर्ट्‌झ’ असं छापलेलं असतं. उपग्रहाची लहर सुरू होते ९५०ला. म्हणजे ती या दारातून जवळजवळ सगळीच आत येऊ शकत नाही.

त्यात हाय डेफिनिशन आलं आणि दोन कंपन्यांच्या वाटा फुटल्या. ही फाटाफूट मला या सगळ्या कथानकातला सर्वांत नाट्यमय भाग वाटतो. एचडी वाहिन्यांना जागा जास्त लागते. डायरेक्टीव्हीनं ती वेगळ्या पट्ट्यात शोधली. २००५ नंतर ९९ आणि १०३ अंशांवर उपग्रह चढवून तिनं आपलं एचडी १८ ते २० गिगाहर्ट्‌झच्या केए पट्ट्यात नेलं. डिश नेटवर्क ११०, ११९ आणि १२९ अंशांच्या आपल्या उपग्रहांवर १२ गिगाहर्ट्‌झच्या जुन्याच, केयू पट्ट्यात राहिलं. बंगल्यात राहणाऱ्या ग्राहकाला या फरकाचं सोयरसुतक नव्हतं. छपरावर घुमट बसवलेल्या मोटरहोमवाल्याला मात्र तो चांगलाच जाणवला. घुमटातली छोटी थाळी केयू पट्ट्यासाठी बनलेली. डिश नेटवर्कच्या ग्राहकाला त्याच घुमटातून एचडी मिळालं आणि डायरेक्टीव्हीच्या ग्राहकाला नव्याकोऱ्या एचडी टीव्हीवर जुनंच, मऊ कडांचं चित्र बघावं लागलं. त्याला एचडी हवं असेल तर घुमट सोडून उघडी, रुंद, लंबगोल थाळी घेणं भाग होतं. एक तर दर मुक्कामाला तिपाईवर हातानं उभारायची, किंवा छपरावर आपोआप उघडणारी. आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावची, १९५४ पासून अँटेना बनवणारी विनेगार्ड कंपनी आपल्या ‘ट्रॅव्हलर’ थाळीनं इथे उपयोगी पडली. बटण दाबलं की थाळी उठते, वळते, उपग्रह शोधून स्थिर होते. निघताना पुन्हा आडवी होते.

घुमटाची बाजूही न्यायानं मांडली पाहिजे. वाऱ्याचा त्याला त्रास नाही, फांद्यांची भीती कमी, आणि काही जातींचे घुमट गाडी धावत असतानाही उपग्रहावर नजर धरून ठेवतात. पण बहुतेक घुमट एका वेळी एकाच उपग्रहाकडे पाहतात. डिश नेटवर्कच्या तीन उपग्रहांपैकी ज्यावर वाहिनी असेल तिकडे ते वळतात. एका टीव्हीला ही काही क्षणांची वळणं चालून जातात. दोन टीव्ही असले की पुढचा रिसीव्हर मालक होतो आणि मागचा आश्रित. मालकानं ११९ निवडला तर आश्रितानं ११९वरच्याच वाहिन्यांत समाधान मानायचं. व्होल्टचं भांडण मिटलं तरी दिशेचं भांडण उरतंच. उघड्या थाळीची थोरवी इथे कळते. तिच्या तोंडाशी एलएनबीचे अनेक डोळे शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि ती सगळे उपग्रह एकाच वेळी पाहते. कुणासाठी कुणाला वळावं लागत नाही.

आता त्या तारेकडे येऊ. डायरेक्टीव्हीनं मल्टिस्विच छपरावर, थेट एलएनबीच्या पोटातच बसवला आणि त्याची रीतच बदलली. आधीचा स्विच मागितलेला सगळा पट्टा खाली पाठवायचा. नवा स्विच त्या पट्ट्यातला नेमका हवा तेवढा तुकडा कापून घेतो आणि तारेतल्या एका ठरलेल्या खणात ठेवतो. खण नऊ आहेत. पहिला ९७४ मेगाहर्ट्‌झवर, पुढचे दर १०२ मेगाहर्ट्‌झवर आणि शेवटचा १,७९०वर. आठ खण आठ ट्यूनरांचे, नववा सामायिक. रिसीव्हर सुरू झाल्यावर प्रत्येक ट्यूनर आपला खण मागून घेतो. त्यानंतर चालू असेपर्यंत तो त्याच खणात पाहतो. वाहिनी कुठल्या उपग्रहावरची, कुठल्या पिळाची, केए की केयू, याची त्याला पर्वा करावी लागत नाही. मागणी वर जाते ती २.३ मेगाहर्ट्‌झच्या छोट्या संदेशातून. १३-१८ व्होल्टची भाषा संपली आणि तिच्याबरोबर भांडणही संपलं. कारण आता कुणीही कुणाच्या जागेवर येत नाही. आणि जी तार साध्या स्प्लिटरनं वाटली की घोळ व्हायचा, तीच तार आता खुशाल वाटता येते. अट एवढीच की स्प्लिटर २,१५० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा असावा आणि वीज फक्त त्याच्या लाल खुणेच्या तोंडातून जावी.

ही रचना पूर्णत्वाला गेली ती २०१२ मध्ये आलेल्या ‘जिनी’मुळे. ट्यूनर तीन रिसीव्हरांत विखरून ठेवण्याऐवजी पाच ट्यूनर एकाच मुख्य पेटीत आले आणि बाकीच्या टीव्हींपाशी तळहाताएवढ्या छोट्या पेट्या बसल्या. या छोट्या पेट्या आकाशाशी बोलतच नाहीत. त्या मुख्य पेटीकडे मागतात आणि मुख्य पेटी त्यांना चित्र पाठवते. ते चित्र जातं त्याच तारेतून, सुमारे ५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यात, उपग्रहाच्या खणांच्या खाली. आता ही तार उभी चिरून पाहिल्यासारखी डोळ्यांसमोर आणावी. तळाशी एलएनबीला चालवणारी २१ व्होल्टची स्थिर वीज. तिच्यावर २.३ मेगाहर्ट्‌झला ट्यूनरांच्या मागण्या वर चाललेल्या. त्यावर ५००च्या आसपास खोल्याखोल्यांतली आपसातली देवघेव. आणि सर्वांत वर, ९७४पासून १,७९०पर्यंत, अवकाशातून आलेली चित्रं आपापल्या खणांत. तांब्याचा गाभा एकच, प्रवाह चार, काही वर जाणारे, काही खाली येणारे. एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. या रचनेचं सौंदर्य काटकसरीतून आलेलं आहे. मोटरहोमनं दुसरी तार ओढायची मुभाच ठेवली नव्हती.

याला पर्याय असलेला दुसरा पंथही सांगायला हवा, कारण बऱ्याच गाड्यांत तोच नांदतो. या पंथात उपग्रहाची लहर पुढच्याच एक-दोन रिसीव्हरांपाशी थांबते आणि तिथून तयार चित्र एचडीएमआय केबलनं मागे नेलं जातं. पूर्वी हे काम मॉड्युलेटर करायचा. रिसीव्हरचं चित्र तो चॅनेल ३वर चढवून गाडीतल्या जुन्याच तारांत सोडायचा आणि सगळ्या टीव्हींना तेच दिसायचं. एचडीच्या काळात ती सोय निरुपयोगी झाली, कारण मॉड्युलेटरमधून बाहेर येणारं चित्र साधंच. आता एचडीएमआय स्प्लिटर सगळ्यांना एकच चित्र देतो आणि मॅट्रिक्स प्रत्येक टीव्हीला हव्या त्या रिसीव्हरशी जोडतो. मोटरहोमच्या लांबीत केबल वळणावळणांनी न्यायची म्हटलं की ती एचडीएमआयला पेलेल त्या मर्यादेच्या काठावर जाते. मग नेटवर्कच्या केबलवरून नेण्याची उपकरणं येतात, रिमोटचा इशारा पुढे पोचवायला इन्फ्रारेडचे डोळे चिकटवावे लागतात. काम होतं, पण प्रत्येक गाठीपाशी नवं उपकरण आणि प्रत्येक उपकरणापाशी बिघाडाची नवी शक्यता.

गुणांबरोबर दोषही नोंदवायचे तर पहिला दोष पावसाचा. आषाढाच्या सरीत आपल्या टीव्हीवरचं चित्र चौकोनी तुकड्यांत फुटलेलं ज्यानं पाहिलंय त्याला तो समजावून सांगायला नको. लहर जितकी आखूड तितकं पावसाचं पाणी तिला जास्त गिळतं. म्हणून केए पट्ट्यातलं एचडी केयू पट्ट्याच्या आधी हार मानतं. दुसरा दोष विजेचा. जिनीची पेटी, थाळीची वीज आणि छोट्या पेट्या, सगळं इन्व्हर्टरवर चालतं. मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी नसेल तर रात्रभरात बॅटरी तळाला जाते. तिसरा दोष झाडांचा. उन्हाळ्यात जिथे थांबायला आवडतं त्या सावलीच्या जागा आणि दक्षिणेकडचं मोकळं आकाश यांचं क्वचितच जमतं. म्हणून छपरावर चांगली थाळी असूनही कित्येकजण सोबत तिपाई ठेवतात. गाडी सावलीत आणि थाळी मैदानात. तार मात्र जितकी लांब तितकी वरच्या खणांतली चित्रं आधी दुबळी होतात.

एक दोष मात्र तांत्रिक नाही. गावोगावच्या स्थानिक वाहिन्या उपग्रह अरुंद झोतांतून पाठवतात. आयोवातल्या घरासाठीचा झोत ॲरिझोनात पोचत नाही. मोटरहोमवाल्यांना पूर्वी सवलत होती. गाडीची नोंदणी दाखवली की न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या राष्ट्रीय वाहिन्या कुठेही दिसत. डिसेंबर २०१९च्या कायद्यानं दूरच्या शहरांच्या वाहिन्यांची मुभा बहुतेक ग्राहकांकडून काढून घेतली. मोटरहोम आणि मालवाहू ट्रक यांना या बंदीतून वगळलं, पण एक अट घालून. कंपनीनं देशातल्या सगळ्या २१० टीव्ही बाजारांत स्थानिक वाहिन्या पुरवायला हव्यात. तांब्याच्या तारेत भांडण मिटवणाऱ्या अभियंत्यांनी जे साधलं, त्यावर कायद्यानं ‘तुमचं घर नेमकं कुठलं?’ हा प्रश्न पुन्हा उभा केला. घर चालत असेल तर त्याचं उत्तर सरळ नाही.

आणि आता या सगळ्यालाच उतरती कळा लागली आहे. २०२२ मध्ये मोटरहोमसाठी स्टारलिंकची इंटरनेट सेवा सुरू झाली. त्यानंतर तीन टीव्हींना तीन वेगळे कार्यक्रम देण्यासाठी तीन वायफाय जोडण्या पुरतात. वाटणीचा प्रश्न इंटरनेटनं कधीचाच सोडवला आहे. तिथे प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, ट्यूनर आणि पीळ यांचा संबंधच नाही. तरीही थाळीवाले हटायला तयार नाहीत, आणि ते निव्वळ सवयीमुळे नाही. थेट सामना इंटरनेटवर काही सेकंद मागे राहतो. शेजारच्या गाडीतून आरोळी आधी ऐकू आली की मजा गेलीच. आणि उपग्रहाच्या टीव्हीला डेटाची मोजदाद नसते.

म्हणून जुनी मोटरहोम विकत घेणाऱ्याला माझा सल्ला आहे. छपरावरच्या घुमटाची चकाकी बघू नका. तिन्ही टीव्ही लावा आणि तीन माणसांच्या हाती तीन रिमोट देऊन एकदम चॅनेल बदलायला सांगा, तेही वेगवेगळ्या उपग्रहांवरच्या वाहिन्यांवर. एकाचंही चित्र दुसऱ्याच्या बोटामुळे हललं नाही तर जोडणारा जाणता होता. हललं तर पुढच्या कपाटाचं झाकण उघडा आणि स्प्लिटरवर काय छापलंय ते वाचा. तिथला आकडा १,०००वर थांबत असेल तर किमतीत घासाघीस करायला तुम्हाला सबळ कारण मिळालेलं आहे.